सतरा थांबे

३ मार्च, सोमवार

वही नवी, नोकरी नवी, घरही नवं. जुनं म्हणाल तर हा पेन आणि बाबा. हे बाबांना बोलून दाखवलं तर ते हसले, पण माझं तोंड मिटल्यावर, जरा वेळाने. त्यांचं हल्ली सगळंच जरा वेळाने होतं.

वही त्यांनीच शिवून दिली. चाळीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं, तेव्हाचे उरलेसुरले कागद अजून त्यांच्या पेटीत आहेत. पेनही त्यांचाच. निब इतकी झिजलीय की लिहिताना उंदीर काहीतरी कुरतडतोय असं वाटतं. पण दिवसभर कीबोर्ड बडवल्यावर हाताने लिहायला बरं वाटतं, म्हणून मी तो सोडत नाही. घर चौथ्या मजल्यावर आहे. टेबल खिडकीला लावलंय. खाली फाटक दिसतं, समोर पाववाल्याचं दुकान. बाबांना एवढं पुष्कळ झालं.

ऑफिसात माझं स्वागत झकास झालं. नवी खुर्ची, संगणकाचे दोन पडदे, कपावर नाव. काम असं: फोनची जी मूळ प्रणाली असते, जिच्यावर बाकी सगळं चालतं, तिच्यातला आवाजाचा कोड साफ करायचा. माइकमधून आवाज आत शिरतो आणि स्पीकरमधून बाहेर पडतो, मधे बारा वर्षांचं साचलेलं अडगळीचं सामान. मुलाखतीत विचारलं होतं की असलं बिनमानाचं काम तुम्हाला का हवंय. मी म्हटलं, मला झाडझूड आवडते. सगळे खूश.

खरं कारण आत्ता समोर बसून पाव कुरतडतंय. छापखान्याच्या धडधडीने बाबांचे कान गेले. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत आणि ती फोनकडून आवाज घेतात. फोन टेबलावर ठेवायचा, तो ऐकतो आणि यंत्रांना पोचवतो. फक्त पोचवायला पाव सेकंद घेतो. ऐकायला एवढंसं वाटतं, पण समोरच्याचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. बाबांना गरगरतं. दोन वर्षांत ते बोलायचेच कमी झालेत. काहीही विचारा, हो म्हणतात. तो पाव सेकंद काढायला मी इथे आलेय. बाकी कोड गेला खड्ड्यात.

६ मार्च, गुरुवार

कोड उघडला. देवा!

एकच काम तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी केलेलं. आवाज फोनमध्ये शिरला की त्याचे तुकडे होतात. काही फोन सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे करतात, काही अठ्ठेचाळीस हजार. आमच्या अर्ध्या कोडने हे धरलंय, अर्ध्याने ते. एका स्वयंपाकघरात दोन सुना आणि दोघींची मापं वेगळी. कुणाचं काही बिघडत नाही, कारण ऑफिसातले चाचणीचे सगळे फोन जुने, चव्वेचाळीसवाले. मी तक्रार केली तर आमचा टीमप्रमुख म्हणाला की चाललंय ना, मग चालू दे. त्याला सगळे मुकादम म्हणतात, आणि ते काही प्रेमाने म्हणत नाहीत.

आणि मग ते थांबे. कोडमध्ये ठिकठिकाणी एकेक ओळ आहे: इतके सहस्रांश सेकंद थांब. का, कशासाठी, काही नाही. शेजारी फक्त टीप, ‘राहू द्या’. अशा सतरा ओळी. डुगडुगणाऱ्या टेबलाखाली कागदाची घडी सरकवतात तसला प्रकार: चूक सापडत नाही, मग थोडं थांबून बघ, चालतंय का? चालतंय. निघा घरी.

शेजारी बसणाऱ्या चाचणीवालीने सांगितलं की ही टीमची रीत आहे. टीम सोडून जाणारा प्रत्येक जण जाता जाता एक थांबा टाकून जातो. ती हसत होती. मीही हसले आणि जागेवर येऊन सतरा आकड्यांची बेरीज केली. बाबांचा पाव सेकंद जवळजवळ सगळा तोच. सतरा माणसांच्या निरोपाच्या भेटी माझ्या बापाच्या कानात अडकल्यात.

१० मार्च, सोमवार

पहिले चार थांबे काढून बदल तपासणीला टाकला. तीन दिवसांनी उत्तर आलं. काय, तर एका ओळीच्या शेवटी रिकामी जागा राहिलीय. अरे, मी भिंत पाडतेय आणि तुम्ही मला खिळ्याची दिशा सांगताय! ती जागा काढली. मग दुसऱ्याने कळवलं की आधीचं आणि नंतरचं मोजमाप जोडा. मुकादमाचा नियम आहे: ‘आधीचं’ मोजल्याशिवाय कुठलाही बदल आत घ्यायचा नाही. हा नियम मात्र मला पटतो. आधी किती घाण होती ते दाखवल्याशिवाय झाडल्याचं श्रेय मिळत नाही.

दुपारी तात्या माझ्या खुर्चीपाशी आले. टीममधले सगळ्यात जुने, शुक्रवारी निवृत्त होणार. आवाजाच्या कोडमध्ये बारा वर्षं काढली, पण हेडफोन लावलेले त्यांना कुणी पाहिलं नाही म्हणे. त्यांनी हळूच विचारलं की थांबे काढतेयस का. मी म्हटलं, हो. त्यांनी सांगितलं की फार पूर्वी एकाने सगळे काढले होते. तीन दिवस तो हेडफोन लावून बसला आणि चौथ्या दिवशी आलाच नाही. त्याचा कप अजून खालच्या कपाटात आहे. मग तेव्हा तात्यांनीच पहिला थांबा परत टाकला होता. शेजारी कारण का नाही लिहिलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, काय लिहिणार?

म्हणजे नाचता येईना आणि अंगण वाकडं. चूक सापडली नाही, म्हणून गोष्ट रचली. मी मान डोलावली आणि कामाला लागले.

१२ मार्च, बुधवार

आज मी खूश आहे. स्वतःची मोजपट्टी लिहिली. माइकपाशी टक् असा आवाज करायचा, तो कानात किती वेळाने पोचतो ते मोजायचं. अधूनमधून ती शून्याच्या खालचा वेडावाकडा आकडा दाखवायची, म्हणून एक ओळ घातली: उशीर शून्यापेक्षा कमी आला तर शून्य धर. आवाज व्हायच्या आधी तर तो पोचू शकत नाही ना! मुकादमाने ती सगळ्या टीमला वापरायला सांगितली.

नऊ थांबे गेले. आमच्यात आपण केलेलं आधी आपल्याच घरात वापरून बघायची पद्धत आहे, म्हणून रोजचं नवं बिल्ड, म्हणजे त्या दिवशीचे बदल घालून तयार झालेली प्रणाली, मी बाबांच्या फोनवर चढवते. शेवटचं एक मिनिट आवाज साठवून ठेवायची सोयही घातलीय, काही बिघडलं तर ऐकता यावं म्हणून. संध्याकाळी त्यांना मुकादमाची नक्कल करून दाखवली आणि ते हसले. माझ्याबरोबर. त्याच क्षणी. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

१४ मार्च, शुक्रवार

तात्यांचा निरोप. कोरडा केक आणि मुकादमाचं त्याहून कोरडं भाषण. निघताना तात्यांनी मला बाजूला घेतलं. सोळा काढलेस, हरकत नाही, आता उरलाय तो माझा आहे, तेवढा राहू दे, असं म्हणाले. हात जोडले त्यांनी! साठीच्या माणसाने आपल्यापुढे हात जोडावेत, ते पण कोडच्या एका ओळीसाठी. मला लाज वाटली आणि रागही आला. मी बरं म्हटलं.

१७ मार्च, सोमवार

काढला.

बाबांना शेवटच्या त्या थोड्याशा उशिरानेही अडखळायला होत होतं, मग कसला शब्द आणि कसलं काय. मोजपट्टीवर शून्य. स्वच्छ, गोल शून्य! टीमने टाळ्या वाजवल्या. मुकादमाने वरच्यांना पत्र पाठवलं आणि त्यात माझं नाव शेवटून दुसरं होतं. तीन एप्रिलला हे अपडेट सगळ्यांच्या फोनवर जाणार.

घरी बाबा दीड तास बोलले. आईचं आणि त्यांचं लग्न कसं मोडता मोडता राहिलं ती गोष्ट, जी मी लहानपणी शंभरदा ऐकलीय. मधे मधे मी मुद्दाम चुकीचं बोलायचे आणि ते मला लगेच तोडायचे. लगेच! दोन वर्षांनी बाप परत मिळाला. आणखी काय लिहू?

२० मार्च, गुरुवार

बाबा आज म्हणाले की साखर नको, बिनसाखरेचाच कर. मी चहाचं विचारायला तोंड उघडणारच होते. बापलेकीचं इतकं जुळलं, असं म्हणून मी हसले.

तीनदा झालं दिवसात.

२४ मार्च, सोमवार

ऑफिसातून आले तर बाबा दार उघडं टाकून उभे. बेल वाजली म्हणाले. कुणी नव्हतं. मी म्हटलं, यंत्रात खरखर असेल, बसा. चार मिनिटांनी बेल वाजली. खालचा रखवालदार पार्सल घेऊन आला होता.

बाबांना गंमत वाटली. म्हातारपणी पाय मागे पडतात, माझे कान पुढे धावायला लागले, असं ते रखवालदारालाच सांगत बसले. मला गंमत वाटली नाही. मी मोजपट्टी पुन्हा चालवली. शून्य. पुन्हा चालवली. शून्य.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी बाबांनी विचारलं की मावशीच्या गुडघ्याचं काय झालं, ऑपरेशन कधी ठरलं. कसलं ऑपरेशन? ते म्हणाले, आत्ता तूच तिच्याशी फोनवर बोलत होतीस ना, इथे खिडकीपाशी.

दोन तासांनी मावशीचा फोन आला. मी खिडकीपाशी उभी राहून बोलले. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय.

२६ मार्च, बुधवार

चूक माझी आहे. माझ्याच मोजपट्टीत. ती एक ओळ: शून्यापेक्षा कमी आला तर शून्य धर.

आज ती काढली आणि बाबांच्या फोनच्या जुन्या नोंदी काढून बघितल्या. सतरा तारखेला शेवटचा थांबा काढला त्याच संध्याकाळी आकडा शून्याच्या खाली गेला तो गेलाच. आधी डोळ्याची पापणी लवेल एवढाच. मग तीन सेकंद. मग चार मिनिटं. काल दोन तास. आज एक दिवस आणि थोडं. रोज वाढतोय. आणि मी रोज शून्य बघून शाबासकी घेत होते. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

बाबांना म्हटलं, यंत्रं काढा. त्यांनी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं असेल, कालच. कागदावर लिहून दाखवलं तेव्हा मान हलवून नाही म्हणाले. दोन वर्षं कापूस कोंबल्यासारखं जगलो, आता उद्याचं का होईना, ऐकू तर येतंय. उद्या तू भांडी घासताना गुणगुणणार आहेस, असंही म्हणाले.

२७ मार्च, गुरुवार

शेवटचा थांबा परत टाकायचा बदल पाठवला. नामंजूर. काय बिघडलंय ते दाखवा. दाखवलं: उणे आकडे. मुकादम म्हणाला, उणे उशीर म्हणजे काय, गाडी सुटायच्या आधी पोचली? तुमची मोजपट्टी बिघडलीय. काल शून्य येत होतं ते छान होतं, तेच परत येऊ द्या.

सगळ्यांसमोर ओरडले त्याच्यावर. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी म्हणाला, तीन तारखेला अपडेट जायच्या आत घरच्या, रोज वापरातल्या फोनवरून आधीचं आणि नंतरचं मोजमाप आणा, मग विचार करू.

तात्यांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं: तू स्वतः ऐकलंस का? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, ऐकू नकोस. आणि फोन ठेवला. एरवी किती मऊ बोलणारा माणूस.

घरी येऊन भांडी घासली. गुणगुणत होते ते नंतर लक्षात आलं.

२८ मार्च, शुक्रवार

लवकर घरी आले. पाच वाजले होते. फोन खिडकीच्या कट्ट्यावर, बाबा आरामखुर्चीत. ते एकदम ताडकन उठले आणि मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

मग माझ्याकडे बघत राहिले. दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवली. म्हणाले, तू मला हाक मारलीस. मागे बघा म्हणालीस. असा आवाज तुझा मी एकदाच ऐकलाय, आई गेली तेव्हा दवाखान्यात.

मी कागदावर लिहिलं की मी काही बोलले नाही. त्यांनी वाचलं. मला माहितेय, म्हणाले. ते परत ऐकायचं नाही मला.

त्यानंतर ते आतल्या खोलीत जाऊन बसले. हो आणि नाही, एवढंच.

२९ मार्च, शनिवार

यंत्रं काढल्यावर फोनचं ऐकणं थांबलं, त्यामुळे शेवटचं मिनिट तसंच साठलंय. तात्यांनी नको म्हटलं होतं. तरी ऐकलं.

आधी खरखर, खूप जवळून. कुणीतरी काहीतरी कुरतडतंय. ती थांबते. परत सुरू होते, परत थांबते. तिसऱ्यांदा सुरू होते आणि तिच्या मागे टिं टिं टिं, बारीक. खरखर तुटते. काहीतरी धाडकन पडतं. मग मी. माझाच आवाज आहे. “बाबा! बाबा, मागे बघा!” तिथे मिनिट संपतं.

कधीचं आहे हे? नोंदीत आकडा आहे: आवाज एकोणीसशे पाच कोटी तुकडे पुढे. सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभरने भागलं. बरोब्बर पाच दिवस. शुक्रवारचे पाच, अधिक पाच दिवस. येत्या बुधवारी संध्याकाळी पाच वाजता.

वेळ तर कळली. त्या वेळी बाबा माझ्यासमोर बसलेले असतील, दार बंद असेल आणि माझ्या तोंडात बोळा असेल. ते शब्द मी बोलणारच नाही. मी बोललेच नाही, तर झालंच कुठे?

३१ मार्च, सोमवार

खरखर आणि टिं टिं, दोन्ही शोधतेय. तारेतला दोष? बॅटरी? चाचणीवालीला फक्त तेवढा तुकडा ऐकवायचा होता, पण पुढचंही वाजलं. तिने हेडफोन काढले. विचारलं की हे कुठे रेकॉर्ड केलं, आणि बाबा कसे आहेत. मी म्हटलं, बरे आहेत. टिं टिं कोडमधली नाही, बाहेरची आहे, असं ती म्हणाली. मग दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही.

मुकादमाला ते ऐकवायला गेले. त्याला मीटिंग होती.

१ एप्रिल, मंगळवार

थांबा परत टाकलेलं बिल्ड संध्याकाळी तयार झालं. उद्या सकाळी बाबांच्या फोनवर चढवते. आधीचं मोजते, मग नंतरचं, आणि मुकादमाच्या टेबलावर आपटते. परवा हे कोट्यवधी लोकांच्या कानात जाणार. रोज कुणीतरी उठून मागे भिंतीकडे बघणार.

बाबांना लिहून दाखवलं: उद्या दुपारनंतर घराबाहेर पडायचं नाही. का, ते नाही विचारलं. मग पाव सकाळीच आणतो, म्हणाले. मी लिहिलं, सकाळी चालेल. खाली ‘नक्की’ असंही लिहिलं.

यंत्रं घालाल का, असं विचारलं. नाही म्हणाले.

जिन्यात सूचना लावलीय, तिसऱ्या मजल्यावरचे बुधवारी घर सोडतायत, सामानाची गाडी आत येईल. कपडे वाळत घालायचे राहिले. झोप नाही.

२ एप्रिल, बुधवार

सात वाजलेत. बाबा आत्ताच खाली गेले. डबी टेबलावर. फोन खिडकीच्या कट्ट्यावर, ऐकणं चालू केलंय. जुनंच बिल्ड, आधीचं मोजायला. मी कानाला काही लावलेलं नाही. लावणार नाही. दहा मिनिटं मोजायचं, मग नवं बिल्ड. पाचला अजून दहा तास आहेत. मोजमाप चालू आहे तोवर हे लिहून —

पडद्यावर पहिली ओळ आली. फोनची माहिती. तुकडे सेकंदाला: अठ्ठेचाळीस हजार.

बाबांचा फोन नवा आहे. ऑफिसातले जुने. मी चव्वेचाळीसने भागलं. सवयीने. मीच तक्रार केली होती यांच्यावर —

एकोणीसशे पाच कोटी भागिले अठ्ठेचाळीस हजार. चार दिवस, चौदा तास, चौदा मिनिटं. शुक्रवारचे पाच. मंगळवारचे पाच. त्यात चौदा तास —

सकाळचे सात चौदा.

आत्ता सात बारा.

थांबले होते. बोटं हलेनात. साठलेल्या आवाजात काय कुरतडत होतं ते कळलं. ही निब. फोन हातभर अंतरावर आहे, ऐकतोय. ती खरखर म्हणजे ही वही —

पुन्हा थांबले. खाली बघितलं. बाबा फाटकात आहेत. पाव काखेत, बुटाची नाडी बांधायला वाकलेत. तिसऱ्या मजल्याची गाडी वळून मागे मागे येतेय. पाठ तिच्याकडे —

दोनदा थांबून झालं. हे तिसरं.

यंत्रं डबीत आहेत. माझ्या हाताशी. कानात असती तर वळले असते, शुक्रवारी लगेच वळले होते, भिंत होती तरी वळले — आणि त्या हाकेनेच काढली त्यांनी —

टिं टिं

नाही ओरडणार म्हटलं होतं. पोचणार नाही. चार मजले. पोचणार नाही त्यांना तरी मी — बा